वेशीतला सौदा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची हद्द सरकारने कुठे आखली आहे ते नकाशात बघून घ्या. मला ती बैलाच्या कातडीवर दिसते. कंधारकडच्या गोठ्यात शिरलात की बैल लाल, चिंचोक्याच्या रंगाचा. उदगीर-देवणीकडे सरकलात की काळे-पांढरे ठिपके सुरू होतात. मधल्या पट्ट्यात दोन्हींची भेसळ, आणि तिथला माणूसही तसाच, अर्धं वाक्य मराठीत, अर्धं कानडीत, आणि दिलेला शब्द फिरवायला दोन्हींत मोकळा. वर किनवट-इस्लापूरकडे डोंगर आणि जंगल. तिथली जनावरं खुजी आणि काटक, माणूस तोंड कमी उघडतो. त्याच्याशी सौदा करणं सगळ्यात अवघड, कारण न बोलणाऱ्याला फसवता येत नाही.

चाळीस वर्षं मी बैलांचा व्यापार केला. हाळीचा बाजार, माळेगावची जत्रा, मुरुड, कंधार, सगळीकडे जनावरांच्या मागे चालत गेलो, नंतर टेम्पोत बसून गेलो. कुठल्या गावच्या विहिरीचं पाणी मचूळ, कुठल्या ओढ्यात बैल पाय घालत नाही, कुठला पाटील उधारीवर जोडी नेतो आणि तीन महिन्यांनी लंगडी करून परत आणतो, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. शिकलेले लोक सांगतात की कंधारला पूर्वी मोठी राजधानी होती, तो किल्ला आणि त्याच्या खंदकातलं पाणी त्याच काळातलं, आणि या लाल जातीला तिथल्या राजाने आश्रय दिला. दिला असेल. बैल सांभाळणाऱ्याला आश्रय दिल्याचं मात्र कुणी सांगत नाही.

आमचं गाव कंधार तालुक्यात, मन्याडच्या काठावर. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक म्हणतील बदनामी केली, आणि बदनामी होण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं आहे हे मला कबूल करायचं नाही. नदीकडची जमीन काळी, वरच्या माळावर नुसता मुरूम. काळी जमीन ज्यांची त्यांची घरं वेशीच्या आत, उंचावर. माळ ज्यांचा ते उतारावर. ज्यांचं काहीच नाही ते पार ओढ्याला. आम्ही ओढ्याला. माझे आजोबा रझाकारांच्या धामधुमीत देगलूरकडून बायको आणि एक गाय घेऊन पळून आले होते. तेव्हापासून आम्ही गावात 'उपरे'. परवा-परवा शाळेतल्या एका मास्तरानं माझ्या घरच्यांबद्दल बोलताना तोच शब्द वापरला. मी त्याला भेटायला गेलो. परत आलो तेव्हा माझा सदरा फाटलेला होता, आणि त्याचाही.

गावात पोळ्याला बैलांचा क्रम ठरलेला असे. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, बैलांच्या मंगलाष्टका म्हणायच्या, अक्षता टाकायच्या, आणि मग तोरणाखालून एकेक जोडी मारुतीकडे निघायची. पहिली जोडी मानकऱ्यांची. हे गावातलं जुनं वतनदार घराणं. निजामाच्या अमलात त्यांच्या पणजोबाला हा मान लिहून मिळाला असं ते सांगतात. तो कागद कुणी पाहिलेला नाही. मी दोनदा दाखवा म्हणालो आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. मानकऱ्यांच्या मागे त्यांची भावकी, त्यांच्या मागे बाकीची जमीनवाली घरं, मग वाटेकरी, आणि शेवटी आम्ही ओढ्याकडचे. बौद्धवाड्यातल्या लोकांनी या रांगेचा नाद कधीच सोडून दिला होता. त्यांनी पोरं शिकवली, नोकऱ्या धरल्या. तेवढी अक्कल आम्हाला असती तर मला हे लिहावं लागलं नसतं.

माझा बाप लोकांची गोऱ्ही शिकवायचा, म्हणजे तरण्या बैलांना नांगराची, गाडीची सवय लावायचा. आयुष्यभर दुसऱ्याचे बैल. मी एकोणीस वर्षांचा होतो त्या साली त्याने माळेगावच्या जत्रेत पहिल्यांदा स्वतःची जोडी घेतली. चार दाती, म्हणजे ऐन तरणी, लाल, डोळ्यांभोवती काळं कडं, शिंगं एकाच साच्यातून काढल्यासारखी. गावात तशी जोडी नव्हती, मानकऱ्यांकडेही नव्हती. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी कासरा माझ्या हातात होता. रांगेच्या शेवटाहून मी जोडी कडेने पुढे काढली आणि मानकऱ्यांच्या जोडीच्या आधी तोरणाखालून नेली. हलगीच्या आवाजाने बैल बुजले, असं बापाने नंतर गावभर सांगितलं. बैल बुजले नव्हते. मी त्यांना पराणी टोचली होती. आपली जोडी पुढे गेली तर काय होतं, ते मला बघायचं होतं.

त्या वेळच्या मानकऱ्यांना गाव 'आबा' म्हणायचं. पंचेचाळिशीचा उंच माणूस, आवाज कधी चढायचा नाही. दोघा-तिघांनी मला धरून बाजूला ओढलं. आबा बापाजवळ गेले. हलगी वाजतच होती, मी पंधरा-वीस हात लांब होतो, त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बोलणं बराच वेळ चाललं. मग बापाने आबांच्या गड्याच्या हातातला आसूड घेतला आणि आपल्याच बैलांना मारायला लागला. दहा उजव्याला, दहा डाव्याला. गाव मोठ्याने मोजत होतं. उजव्याचे संपले, डाव्याचे सुरू झाले तसा तो डावा बैल पुढच्या गुडघ्यांवर बसला. बापाने त्याला शेपटी पिरगाळून उठवलं आणि राहिलेले मारले. मग जोडी मागे फिरवली आणि सगळ्यांच्या शेवटी तोरणाखालून नेली.

घरी येऊन बाप जेवला. पुरणाच्या दोन पोळ्या खाल्ल्या, वर दूध घेतलं.

"काय म्हणला आबा तुला?" मी विचारलं.

"काय न्हाई. जेव तू."

त्या दोन पोळ्या मी त्याला कधी माफ केल्या नाहीत. त्यानंतर तो वीस वर्षं जगला. त्या वीस वर्षांत मी त्याला बाप म्हणून हाक मारली नाही. 'आसूडवाले' म्हणायचो. घरात, सुनेसमोर, पाहुण्यांसमोर. तो 'ओ' द्यायचा.

पुढच्या बाजारी ती जोडी मीच हाळीला नेली. पाठीवरचे वळ दिसू नयेत म्हणून तेलात गेरू कालवून चोपडला. लाल कातडीवर गेरू चांगला बसतो. गिऱ्हाईक निलंग्याकडचं होतं. पाठीवर हात फिरवून म्हणालं, हे काय? मी म्हणालो, पोळ्याचा रंग हाय, धुतला की जाईल. तो माझा पहिला सौदा. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घालतात, वर रुमाल टाकतात, आणि खालून बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला नुसते दोन चेहरे दिसतात. माझा चेहरा त्या दिवसापासून कामाला आला.

पुढे मी पुढे आलो. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. सगळे पुढे येतात तसाच आलो, म्हणजे दुसऱ्याला मागे ढकलून. ओढ्याचं घर सोडून माळावर बांधलं, सात जोड्यांचा गोठा केला. दरम्यान लातूरच्या बाजारात सोयाबीनला भाव येऊ लागला आणि अख्ख्या तालुक्याने ज्वारी टाकून सोयाबीन धरलं. ज्वारी गेली की कडबा गेला. कडबा म्हणजे कणसं काढलेली ज्वारीची वाळलेली धाटं, बैलाचं वर्षभराचं पोट त्यावर चालतं. सोयाबीनच्या भुसकटाला बैल तोंड लावत नाही. मग ट्रॅक्टर आले. लोक म्हणतात ट्रॅक्टरने बैल घालवला. मी सांगतो, बैल आधी उपाशी गेला, ट्रॅक्टर नंतर आला.

त्या दहा-बारा वर्षांत गावोगावचे बैल मीच घेतले. माणूस बैल विकतो कसा, यावरून मी कुठलंही गाव सांगू शकतो. काही बैलाच्या गळ्यात पडून रडतात आणि डोळे पुसून पुन्हा भावाला लागतात. काही बायकोला आत पाठवून देतात. रडणाऱ्याला मी हमेशा कमी दिले. रडून झालेला माणूस बैल परत घरी नेत नाही. आता तर कायद्यामुळे म्हातारा बैल कुणी घेत नाही. लोक टेम्पोत घालून त्याला इस्लापूरच्या जंगलात सोडून येतात, आणि घरी भिंतीवरच्या त्याच्या फोटोला हार घालतात.

मानकऱ्यांची शेवटची जोडी मीच घेतली. आबा तोवर खाटेला लागले होते. कारभार त्यांच्या मुलाकडे होता. तो पन्नाशीचा, गावचा सरपंच. आम्ही त्याला 'धाकटे' म्हणायचो. मी एकोणीस वर्षांचा असताना हा दहाचा होता आणि माझ्या बापाला अरेतुरे करायचा. जोडी देताना त्याने रुमालाखाली माझी बोटं इतकी जोरात दाबली की दोन दिवस दुखत होती. पण भाव माझाच राहिला.

त्यानंतरचे दोन पोळे त्यांनी पाहुण्यांची जोडी आणून निभावले. तिसऱ्या वर्षी पाहुण्यांनीही बैल विकले. गावात आता जोड्या होत्या त्या फक्त माझ्या गोठ्यात. दस्तूर असा, की मानकऱ्यांच्या घरून जोडी निघाली नाही तर मान भावकीकडे जातो, आणि एकदा गेलेला परत येत नाही. भावकीशी यांचं कोर्टात चालू होतं. भावकीच्या थोरल्याने मुरुडच्या सासुरवाडीहून जोडी आणायची ठरवली होती आणि चहाच्या टपरीवर तसं बोलूनही दाखवलं होतं.

पोळ्याच्या आठ दिवस आधी धाकटे माझ्या गोठ्यात आले.

"काका, जरा बोलायचं होतं."

त्या घरातून मला काका म्हटलं गेलं ते पहिल्यांदा. खाट मोकळी होती, पण मी पेंडीच्या पोत्याकडे बोट केलं. ते पोत्यावर बसले.

"पोळा आलाय."

"दरसाल येतो."

"एक जोडी पाहिजे होती. एका दिवसापुरती. तुमच्याकडं पाच-सहा हायत."

"सात. मग?"

"काय भाडं घ्याल ते घ्या."

"बैल काय मंडपाची खुर्ची हाय का, भाड्यानं न्यायला?"

ते पोत्यावर जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "आबांचं तरी बघा. त्यांच्या डोळ्यादेखत मान भावकीत गेला तर जीव सोडतील."

"सोडतील मग. अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय कमी वय न्हाई."

"लई बोलून राहिलात, काका."

"गरज कुणाला हाय? तुला हाय का मला?"

ते उठून गेले. मला माहीत होतं परत येतील. त्याआधी मला एक काम करायचं होतं. मुरुडला माझ्या ओळखीचा दलाल होता. त्याला फोन करून भावकीच्या सासुरवाडीची ती जोडी विकत घ्यायला लावली, आणि विकत घेणारा कोण ते सांगू नको म्हणालो. बाजारभावापेक्षा बरेच जास्त द्यावे लागले. चाळीस वर्षांत जाणूनबुजून जास्त भाव दिलेला तो एकच सौदा. तिसऱ्या दिवशी जोडी माझ्या गोठ्यात उतरली. भावकीचा थोरला तिथे येऊन अर्धा तास ओरडून गेला. सासऱ्याने पैसे मोजताना जावयाला विचारलं नव्हतं, त्याचा राग माझ्यावर. मी त्याला चहा पाजला.

धाकटे दुसऱ्यांदा आले तेव्हा पोत्यावर आपणहून बसले.

"बोला आता. काय पाहिजे?"

"पैसे नकोत," मी म्हणालो. "आबांना वेशीत आण. हलगी बंद कर. आणि सगळ्या गावासमोर त्यांनी म्हणायचं, त्या पोळ्याला बैलाला मार द्यायला लावलं ती माझी चूक. झालं. मग कासरा तुझ्या हातात, मान तुझा, जोडी फुकट."

"ते चालत न्हाईत."

"खुर्ची हाय की. मंडपाची."

"चाळीस-बेचाळीस वर्षं झाली त्याला, काका."

"मग लौकर म्हणून टाकायचं होतं."

इथून खरी घासाघीस सुरू झाली. तीन दिवस चालली. हजारो बैलांचे भाव केले, पण एका वाक्याचा भाव करायची माझीही पहिलीच वेळ. धाकटे म्हणाले, 'चूक' म्हणणार न्हाईत, 'बरं झालं न्हाई' म्हणतील. मी म्हणालो, पाऊस न्हाई पडला तर म्हणतात तसं? चूकच पाहिजे. ते म्हणाले, घरात म्हणतील, तुम्ही येऊन ऐका, दोन साक्षीदार आणा. मी म्हणालो, वेशीत झालं ते वेशीतच फिटेल. ते म्हणाले, चूक म्हणतील, पण 'माझी' न्हाई म्हणणार. यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. शेवटी 'माझी'ही कबूल झाली. सवयीने मी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला, आणि मग खाली काय दाबायचं ते दोघांनाही कळेना. शब्दाला बोट कुठलं? नुसता हात धरला आणि सोडला.

घरी बायकोला सांगितलं तर ती पुरणाची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मेलेल्या माणसासाठी वेशीत नाचून राहिलात. सासरे जिते होते तवा त्यांना एक घास नीट खाऊ दिला का कधी?"

"तू डाळ निवड."

"डाळच निवडून राहिले. खडे लई हायत."

पोळ्याच्या दिवशी मी मुद्दाम मुरुडचीच जोडी सजवली. भावकीला दिसावी म्हणून. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, अंगावर नवी झूल. दुपारी चार वाजता वेशीत गेलो. अख्खं गाव जमलं होतं. बैल बघायला कुणी आलं नव्हतं. धाकट्यांनी कितीही गुपचूप ठेवलं तरी वाक्याची बातमी गावभर झाली होती. भटजी तांदळाची मूठ घेऊन तयार. चौघांनी प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्चीतून आबांना आणलं आणि तोरणाच्या बरोबर खाली ठेवलं. मांडीवर शाल, पायांत मोजे, डोक्याला नवा पटका. माणूस वाळून काटकी झाला होता, पण डोळे होते तसेच.

हलगी थांबली.

आबांनी आधी जोडीकडे पाहिलं. "चांगली हाय. कुठली?"

"मुरुडची," मी म्हणालो. "बोला, आबा."

"तुला वाटतं मी बैलाला मार म्हणलो व्हतो?"

ठरलेल्या वाक्याची सुरुवात अशी नव्हती.

"मी म्हणलो व्हतो, पोराला मार. पाच आसूड. कासरा कुणाच्या हातात व्हता ते मी बघितलं व्हतं, आन् पराणी बी बघितली. तुझ्या बापानं माझा हात धरला. म्हणला, मालक, पोराला नगं, बैलाला मारतो. मी म्हणलो, बैलानं काय केलं? तवा म्हणला, पोराला पाच ते बैलाला धा. मी न्हाई म्हणलो. पंधरा म्हणला. न्हाई म्हणलो. वीस म्हणला. तवा मी हाव म्हणलो." त्यांना धाप लागली. धाकट्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हाताने बाजूला सारली. "तुझ्या बापाला सौदा जमत न्हवता. पंधरालाच मी कबूल व्हनार व्हतो."

मागे कुणीतरी हसलं. एकच माणूस, पण मला ऐकू आलं.

बापाचा चेहरा आठवायला गेलो तर तो आसूड मारतानाचा आठवेना, पोळी खातानाचाच आठवला. आणि मग मला संताप आला. आबांचा कमी, बापाचा जास्त. जन्मात त्याने एकच सौदा केला आणि तो माझ्यापासून वीस वर्षं लपवून ठेवला. एका शब्दाने सांगितला असता तर मी त्याला ते नाव ठेवलं असतं का? माझ्या तोंडची ती हाक तो मुकाट्याने ऐकत राहिला, आणि ती परत घ्यायची सोय त्याने ठेवली नाही.

"हे न्हवतं ठरलं," मी म्हणालो.

"काका, बोलले की ते," धाकटे म्हणाले. "आजून काय पाहिजे?"

"वाक्य."

"ते वाक्य खोटं हाय," आबा म्हणाले. "बैलाचं तुझ्या बापाला ईचार. पोराचं म्हणशील, तर पोरगं माजलंच व्हतं. त्यात माझी चूक कसली?"

"आबा, म्हणून टाका ना," धाकटे त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. सरपंच माणूस, आवाजात रडं होतं. "एकदा म्हणून टाका."

आबांनी तोंड मिटलं आणि आडवी मान हलवली.

मी जोडी फिरवली. धाकट्यांनी कासरा धरला. मी पराणीचा मागचा दांडा त्यांच्या मनगटावर घातला, तसा त्यांनी कासरा सोडला. गर्दीने वाट दिली. भटजी मुठीत तांदूळ धरून तसाच उभा होता. कुणी शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही. वेस ते माझा गोठा हे दहा मिनिटांचं अंतर मी जोडीच्या पुढे चालत गेलो आणि एकदाही मागे पाहिलं नाही. मागे काय झालं ते नंतर कळलं. पोरांनी धाकट्यांचाच ट्रॅक्टर आणला, त्याच्या बोनेटला हळदकुंकू लावलं आणि तोरणाखालून नेला. धुराच्या नळकांड्यात तोरण अडकून तुटलं. आबांची खुर्ची तोवर बाजूला सरकवायची राहून गेली होती. पानं त्यांच्या अंगावर पडली.

भावकीला मान मिळाला नाही, कारण त्यांच्याकडेही जोडी नव्हती. मला तर मिळणारच नव्हता. मान कुणाकडेच राहिला नाही. गाव म्हणतं, मी पोळा मारला. गावाने सोयाबीन पेरताना कुणाला विचारलं होतं?

आबा दिवाळीच्या आधी गेले. मी मातीला गेलो नाही. ते खरं बोलले की शेवटच्या क्षणी पुडी सोडली, हे आता कळायचं नाही. भाव ठरल्यावर हातातला हात झटकून नवी गोष्ट काढणारे मी बाजारात पुष्कळ पाहिले आहेत. म्हातारा तसलाच होता. पण पाच, दहा, पंधरा, वीस ही चढ माझ्या बापासारखीच आहे. त्याला थांबायचं कुठे ते खरंच कळत नसे. बायकोला मी आबांचं बोलणं सांगितलं नाही. तिला ते गावातून कळलंच. त्या दिवसापासून ती मला माझ्या बापाविषयी काही बोलत नाही, आणि ते न बोलणं मला तिच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागतं.

यंदा पोळ्याच्या दोन दिवस आधी धाकटे पुन्हा गोठ्यात आले. बसले नाहीत. ट्रॅक्टरला बांधायला घागरमाळा पाहिजेत म्हणाले. बाजारात पत्र्याच्या मिळतात, त्यांचा आवाज फुटका असतो. माझ्याकडे जुन्या पितळी होत्या, चांगल्या घोटीव, खुंटीला टांगलेल्या. मी त्या काढून हातात वाजवून दाखवल्या आणि किंमत सांगितली. नेहमी सांगतो तशी, तिप्पट. तिथून खाली यायचं असतं. समोरचा हसतो, शिवी देतो, निघून जायचं सोंग करतो, दारापर्यंत जातो, परत येतो. तासभर जातो त्यात. रुमालही माझ्या खांद्यावरच होता.

धाकट्यांनी खिशातून नोटा काढल्या, माझ्याकडे न देता पेंडीच्या पोत्यावर ठेवल्या, आणि माळा उचलल्या.

"आरं, भाव तर कर," मी म्हणालो.

"राहू द्या."

त्यांनी काका म्हटलं नाही. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो. ट्रॅक्टर बाहेर चालूच ठेवलेला होता.

"निम्म्याला देणार व्हतो मी," मी मोठ्याने म्हणालो.

त्यांनी माळा सीटच्या मागे टाकल्या, गिअर टाकला आणि ट्रॅक्टर गावाकडे वळवला.